मॅचिंग हवं, पण कुणाशी?

साडीवर ब्लाउज मॅचिंग हवा, हे कुणालाही कळतं. शॉटला शॉट मॅचिंग हवा, हे मात्र तो नसला तरच जाणवतं. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवरच्या एका खोलीत पडदे ओढून मी हेच जुळवत बसतो. लग्नाच्या व्हिडिओंचं कलर ग्रेडिंग. एकेकाळी लाखोंच्या मशीनवर चालणाऱ्या दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती २०११ मध्ये आली, म्हणून हा धंदा अशा खोलीत मावतो.

परवाची हळद घ्या. गच्चीवर मांडव, डोक्यावर पिवळं कापड, कॅमेरे तीन. एकाचं व्हाइट बॅलन्स ५६०० केल्व्हिनवर, दुसऱ्याचं चुकून ३२०० वर, तिसरा ऑटोवर, म्हणजे स्वारी मनाला येईल तशी! नवरी एका शॉटमध्ये पिवळी, पुढच्यात निळी, तिसऱ्यात उजेडाने धुऊन निघालेली.

इथे डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. दोन मिनिटांत ते कुठल्याही रंगाला सरावतात. आधी वेव्हफॉर्म बघून काळं-पांढरं जागेवर आणायचं, मग पांढरी वस्तू शोधायची. मला आजोबांची टोपी सापडली. ती पुरती पांढरीशुभ्र केली तर मांडवच गायब झाला, म्हणून थोडा पिवळा राहू दिला. मग एक शॉट 'हिरो' ठरवून बाकीचे त्याच्या शेजारी लावत जुळवायचे. व्हेक्टरस्कोपवर त्वचेची एक रेघ असते. गंमत म्हणजे गोरे-सावळे सगळे साधारण त्याच रेघेजवळ पडतात. फरक असतो तो उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. हळदीचे गाल इथे काही कामाचे नाहीत. मी नवरीची कोरी मान धरली.

तेवढ्यात नवऱ्याकडून फोन. ''दादा, तिसऱ्या कॅमेऱ्यात वहिनी मस्त गोरी दिसते. सगळे तसेच करा ना.''

करता येतं, दहा मिनिटांचं काम. पण हिरो शॉट कुठला, इथेच सगळं ठरतं. फोटो लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्ड' कित्येक दशकं वापरात होती. त्यावर गोरी बाई, आणि बाकी जगाने तिच्याशी जुळवून घ्यायचं. मी पहिला कॅमेराच हिरो ठेवला आणि नवरीला बोलावलं.

ऑफिसमधून परतताना ती आली. दोन्ही नमुने शेजारी लावून दाखवले. तिने दोनदा पाहिलं.

''सासरी मी बोलते. तुम्ही हाच रेंडरला लावा.''