मासा वाचला, घराचं काय?

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावरून समुद्र कुठल्याही दिशेला दूरच. आमच्या दुधनेचं पाणी पूर्णेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातं, तेवढाच संबंध. तरी माशांचं वेड मला लहानपणापासूनचं, आणि केशरी-पांढऱ्या क्लाऊनफिशबद्दल माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं: हा मासा पैदास केंद्रात तयार होऊ लागला, की समुद्रातून पकडायची गरज उरणार नाही आणि तो वाचेल. ऐरोलीला कांदळवन कक्षाच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार होतात हे कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आज मी असं म्हणत नाही.

मत पालटलं ते समुद्रफुलाविषयी वाचताना. समुद्रफूल हा प्रवाळाचाच नातलग, डंख मारणाऱ्या सोंडांचा प्राणी. क्लाऊनफिशच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला तो डंख बाधत नाही. सोंडा कुरतडायला आलेल्या माशांना तो हुसकावतो, त्याच्या विष्ठेवर समुद्रफुलातलं सूक्ष्म शेवाळ पोसतं. एका समुद्रफुलात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखालचा नर. मादी मेली की तोच नर मादी होतो. अंडी शेजारच्या खडकावर, राखणीला बाप. पिल्लं रात्री बाहेर पडतात, दहा-बारा दिवस पाण्याबरोबर वाहतात आणि मग वासावरून प्रवाळाचा ठाव घेतात.

टाकीत खडकाऐवजी मडकं किंवा फरशीचा तुकडा ठेवतात. अंडी तिथंही होतात, बाप तिथंही राखण करतो. पण समुद्रफुलाशी चाललेली ही सगळी देवघेव टाकीत होत नाही.

२०१६ मध्ये पॅसिफिकमधल्या मूरिया बेटाजवळ पाणी तापलं आणि समुद्रफुलं पांढरी पडली. संशोधकांनी पाहिलं, तर मासे जिवंत होते, पण अशा समुद्रफुलांतल्या जोड्यांचं प्रजनन ७३ टक्क्यांनी घटलं होतं. त्यांना कुणी जाळ्यात धरलं नव्हतं, विकलं नव्हतं. हे वाचल्यावर माझ्या जुन्या मताला आधारच उरला नाही.

शिवाय मासा केंद्रातला असला, तरी हौशी माणसाला पेटीत समुद्रफूलही हवं असतं. ते बहुधा समुद्रातूनच खरवडून आणलेलं असतं.

पैदास केंद्रांना माझा विरोध नाही. किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांना त्यातून चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण आपलं लक्ष आधी माशाच्या घराकडे, म्हणजे समुद्रफुलाकडे आणि प्रवाळाकडे हवं. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारी आंग्रिया बँक नावाची प्रवाळभूमी आहे. ती १२ सागरी मैलांच्या पलीकडे, म्हणून राज्याच्या हद्दीबाहेर. तिच्या संरक्षणाचा निर्णय दिल्लीलाच घ्यावा लागेल, आणि ती मागणी परभणी जिल्ह्यातूनही जायला हवी असं मला आता मनापासून वाटतं.