तेरा साती

परवा सकाळी फ्रीज उघडताना इन्सुलिनची बाटली निसटली आणि फरशीवर फुटली. स्वयंपाकघरात तो वास पसरला. ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागत नाही त्यांना हा वास ठाऊक नसतो. नवी चिकटपट्टी सोलताना येतो तसा, उग्र आणि औषधी. खरं तर तो इन्सुलिनचा नसतोच. ते टिकावं म्हणून घातलेल्या मेटाक्रेसॉल आणि फेनॉलचा असतो. मी काचा वेचत होतो आणि मन हरिश्चंद्रगडावरच्या गुहेत जाऊन बसलं होतं. मित्राने बॅटरी धरली आहे, मी संध्याकाळचा डोस भरतोय, सुई बाटलीच्या रबरातून बाहेर येते आणि अंधारात हाच वास. त्या रात्री त्याने मला विचारलं होतं, "तेरा साती किती?"

मधुमेह मला शाळकरी वयात झाला, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. पहिल्या प्रकारचा, म्हणजे शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवतं तो. काचेची सिरिंज रोज पातेल्यात उकळायची. वडील परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळं बेनेडिक्ट द्रावण घेत, त्यात लघवीचे आठ थेंब सोडत आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरत. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी. विटकरी रंग आला की घरात कुणी बोलत नसे. त्या नळीत साखर वाढलेली दिसे. रक्तातली साखर किती खाली गेली आहे हे मात्र तिला सांगता येत नसे. ते ओळखायचं घामावरून, थरथरीवरून आणि माणूस विनाकारण चिडला की त्यावरून.

कॉलेजात गिर्यारोहणाच्या मंडळात नाव दिलं आणि अर्जात आजार लिहिला. मंडळाच्या प्रमुखाने माझ्यादेखत ते नाव खोडलं. "वर काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" या माणसावरचा माझा राग आजही ताजा आहे. केस पिकले तरी तो ओसरला नाही, आणि ओसरावा असं मला वाटतही नाही. त्याने नकार दिला यापेक्षा त्याने एकही प्रश्न विचारला नाही, हे मला लागलं. इंजेक्शन कधी घेतोस? बिघडलं तर कसं कळतं? साखर कुठल्या खिशात असते? यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही.

ते सगळं माझ्या बाकावरच्या मित्राने विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने स्वतःच एक परीक्षा ठरवली. साखर घसरली की आधी मेंदू अडखळतो, मग ज्याची साखर घसरली आहे त्याला ते कसं कळणार? म्हणून अधूनमधून तो मला पाढा विचारणार. उत्तर चुकलं की वाद नाही, साखर खायची. खिरेश्वरहून तोलार खिंडीने आम्ही दोघेच हरिश्चंद्रगडावर निघालो. खिंडीत तेरा साती, खडकाच्या टप्प्यावर चौदा साही, देवळाशी पुन्हा तेरा साती. मी धापा टाकत उत्तरं देत गेलो. इतका निर्धास्त मी त्याआधी कुठेच चाललो नव्हतो.

दिवस छान गेला. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात पाय बधिर झाले, कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खालचं कोकण पाहिलं. घोटाळा रात्री झाला. जेवून पडलो होतो, आणि मी म्हणे उठून पांघरुणाची घडी घालू लागलो. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. त्याने बॅटरी लावली. "तेरा साती किती?" मी म्हणालो, "तुला काय करायचंय?" त्याने परत विचारलं. मी पेला भिरकावला. मग त्याने चहासाठी आणलेल्या साखरेची पुडी फाडली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मूठ माझ्या तोंडाशी धरली. चिमटीचिमटीने चारत राहिला. बऱ्याच वेळाने मी आपणहून म्हणालो, "एक्क्याण्णव."

त्या रात्रीचं कारण आज मला ठाऊक आहे. दिवसभर राबलेले स्नायू रात्री आपली रिकामी कोठारं भरून घेतात. रक्तातली साखर ते तासन्‌तास ओढत राहतात. चढण दिवसा संपली तरी साखरेची घसरण रात्री होते. म्हणून गडावर मुक्काम असेल तर रात्रीचा डोस कमी घ्यायचा आणि झोपण्याआधी काही पोटात घालायचं. चढायच्या दिवशी सुई मांडीत टोचायची नाही, पोटावर टोचायची. कामाला लागलेल्या मांडीतून औषध रक्तात झटकन उतरतं. पुढे हिमालयात गेलो तेव्हा वेगळीच काळजी. इन्सुलिन गोठलं की फुकट जातं. तिथे बाटली आणि साखर मोजायचं यंत्र दोन्ही सदऱ्याच्या आत, अंगाच्या उबेला. हे सगळं शिकता येतं. चार गाठी मारायला शिकतो तितक्याच वेळात.

गडाच्या पायथ्याला डोहात म्हशी बसलेल्या दिसल्या की मला हटकून शांघाय आठवतं. एव्हा सॅक्सल ही चेक तरुणी नवऱ्याबरोबर नाझींपासून पळून तिथे गेली आणि तिथेच तिला मधुमेह झाला. डिसेंबर १९४१ नंतर जपानी अंमलात इन्सुलिन मिळेनासं झालं. नवरा व्हिक्टर कापडधंद्यातला. दोघांनी वैद्यकाचं एक पुस्तक समोर ठेवून पाणम्हशींच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढलं. तपकिरी रंगाचं. आधी सशांवर पाहिलं, मग एव्हाने ते स्वतःला टोचून घेतलं. त्यावर शहरातले दोनशेहून अधिक रुग्ण जगले. या गोष्टीचा गिर्यारोहणाशी काही संबंध नाही. पण म्हशींकडे मी कृतज्ञतेने पाहतो, एवढं लिहून ठेवावंसं वाटलं.

व्हिएन्नाचा गेरी विंक्लर हा असाच इन्सुलिनवर जगणारा माणूस मृत समुद्राकाठून सायकलने निघाला आणि २००६ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला. ती बातमी वाचली तेव्हा मला आधी आठवलं ते माझं खोडलेलं नाव.

अलीकडे एका गडाच्या वाटेवर लिंबू सरबत विकणारी मुलगी भेटली. मी दगडावर बसून पोटावर सुई टोचत होतो, ती टक लावून पाहत राहिली. मग म्हणाली, "मी पण घेते." तिच्या घरी फ्रीज नाही. मोठ्या माठात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, आणि मडक्यात बाटली. दर रविवारी पाण्याचा हंडा आणि लिंबांची पिशवी घेऊन ती अर्धा गड चढते. शाळेची सहल मात्र त्याच गडावर आली तेव्हा तिला घरी ठेवलं. गुरुजी म्हणाले, जबाबदारी कोण घेणार. तिने विचारलं, "तुम्हाला सोडतात का वर?" मला पटकन बोलता आलं नाही. तिच्या भावाला मी पाढ्याची युक्ती शिकवली. तो म्हणाला, मलाच तेराचा येत नाही. मग नऊच्या पाढ्यावर ठरलं.

सहली नेणाऱ्या गुरुजनांनो, मोहिमा काढणाऱ्यांनो, तुमच्याकडे असं मूल आलं तर त्याचं नाव खोडू नका. साखर कुठल्या खिशात आहे ते विचारा आणि थोडी आपल्याही खिशात ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, मूल हट्टाला पेटलं, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात कालवून द्या. पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटलं नाही तर तेवढीच पुन्हा द्या, आणि वर पोळी-भाकरी काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा.