ताश्कंदहून परत

सामना हरल्याचे दुःख आम्हांस ठाऊक आहे; परंतु खेळूच न दिल्याचे दुःख केवढे असेल, हा विचार गोकुळम केरळ संघामुळे आमच्या मनात आला.

२०२१ साली जॉर्डनमधील अकाबा येथे आशियाई महिला क्लब स्पर्धेत या संघाने दोन सामने गमावले, पण उझबेकिस्तानच्या बुन्योद्कोर संघास ३–१ असे नमविले. पुढील वर्षी ऑगस्टात तो उझबेकिस्तानातच खेळावयास गेला. (तालुक्याच्या सामन्यांआधीही आमची निम्मी रात्र जागून जाते !) मुली ताश्कंदला पोचतात, तोच वार्ता आली : भारतीय महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांचा अवाजवी हस्तक्षेप होतो, म्हणून फिफाने त्यास निलंबित केले. महासंघ निलंबित, म्हणजे त्याचे क्लबही अपात्र. खुर्च्यांचा तंटा, आणि शिक्षा मैदानावर घाम गाळणाऱ्यांस ! क्रीडा मंत्रालयाची विनंतीही फळास आली नाही. २३ तारखेचा पहिला सामना हुकला. निलंबन उठले ते २६ ऑगस्टला.

त्यामुळे ऑक्टोबरातील सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतातच झाला, उपांत्य सामने तर आमच्या फातोर्ड्यास. त्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु न खेळताच मायदेशी परतलेल्या संघाचे सामने कोणी भरून दिले नाहीत.