पेवातली माती

३ डिसेंबर
आज उत्खननात सापडलेल्या पेवातल्या, म्हणजे धान्याच्या जुन्या खड्ड्यातल्या मातीचं पहिलं पोतं पाण्यात सोडलं. टाकीत हात घालून कालवलं. ढेकळं विरली, खापऱ्या तळाला बसल्या, काळी भुकटी वर आली. ती बारीक चाळणीवर धरली. एवढ्या मातीतून चिमूटभर! फडक्यात बांधून सावलीत टांगलीय, उन्हात दाणे तडकतात.

७ डिसेंबर
दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले जळके दाणे निवडत बसले. आजी तांदूळ निवडायची तसंच, फक्त हातात ओला कुंचला. सातू, हुलगा, बोराच्या आठळीचा तुकडा. एका मसुरीला गोल भोक सापडलं. भोकाची कड आतपर्यंत जळलेली, म्हणजे कीड आगीच्या आधीची. कुणाच्या तरी रांजणात किडे पडले होते, आणि त्या घरात त्या दिवशी काय वाटलं असेल, हे मनातून जाईना. नीट टिकलेलं धान्य खाऊन संपलं, न जळलेलं मातीत कुजलं. आपल्या हाती लागतं ते चुकून जळालेलं.

१० डिसेंबर
इनामगावचा उत्खनन-अहवाल पुन्हा वाचला. घोड नदीकाठचं हे गाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उकरलं. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. चुन्याने लिंपलेली पेवं, कणग्यांसाठी मातीचे गोल ओटे. पाच खोल्यांच्या एका घराशेजारीच धान्याचं कोठार.

१४ डिसेंबर
हरिपूरला आत्याला फोन केला. तिथल्या हळदीच्या पेवांतली बरीच २००५च्या पुरात गेली. "पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही गं, जीव गुदमरतो," म्हणाली. नेमकं हेच तर हवं होतं! धान्याच्या बंद पेवात दाणे श्वास घेतात, प्राणवायू संपवतात, कर्बवायू साचतो आणि किडे मरतात. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये पीटर रेनॉल्ड्स या पुरातत्त्वज्ञाने असे खड्डे स्वतः भरून पाहिले. भिंतीलगतचा ओला थर मोडावतो, आतलं धान्य शाबूत राहतं. मग आमच्या पेवाच्या कडेच्या मातीत मोडाचा सातू दिसायला हवा.

१८ डिसेंबर
बाजारातला सातू भट्टीत जाळला, अर्धा कोरडा, अर्धा मोड आणून. कोरडा फुगला, पण पाठ गुळगुळीत. मोडाच्या दाण्याच्या पाठीवर कोंब सरकला तिथे लांब चर पडला.

संध्याकाळी पेवाच्या कडेचे सातू काढले. पाच दाणे कोरडे. सहावा कुंचल्याने हलकेच उलटवला.

पाठीवर चर आहे.