सोपाऱ्याहून महाडला : पिकअपमधली धम्मयात्रा

नालासोपारा पूर्वेच्या आपल्या वस्त्यांत मुलांची सहल म्हणजे फार तर राजोडीची किंवा अर्नाळ्याची चौपाटी. लांबची यात्रा काढायची तर रेल्वेचे आरक्षण मिळत नाही आणि लॉजचे भाडे परवडत नाही. आम्ही लहान होतो तेव्हा टेम्पोच्या मागे दाटीवाटीने उभे राहून ६ डिसेंबरला दादरला जात असू. त्या प्रवासात उत्साह होता, पण गाडी वळणावर कलली की आई आम्हाला घट्ट धरून ठेवी. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्याने मना आहे. असे टेम्पो उलटून अनेक घरांचे दिवे विझले आहेत.

म्हणून धंद्यासाठी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही दोन ओळींच्या कॅबिनची बोलेरो कॅम्पर घेतली. चालक धरून पाच माणसे पुढे बसतात. आई, आम्ही दोघे आणि दोन मुले, असे आमचे घर त्यात मावते. आठवडाभर ती माल वाहते आणि सुट्टीत घर होते.

घर करायला फार लागत नाही. हौद्यात दोन लोखंडी पेट्या ठेवल्या. एकीत भांडी आणि शिधा, दुसरीत अंथरूण. त्यांवर जाड प्लायवूडची फळी टाकली की झोपायची जागा होते. वर पाइपच्या कमानी आणि ताडपत्री. हे सर्व नटबोल्टवर आहे, वेल्डिंग नाही. गाडीच्या बांध्यात कायमचा बदल करायचा तर आधी आरटीओची परवानगी लागते. दोन कॅबिनच्या गाडीचा हौदा आखूड असतो, म्हणून मागचा फाळका उघडून आडवा ठेवावा, म्हणजे पाय पसरता येतात. मात्र हे गाडी उभी असतानाच. चालत्या गाडीत मागे कुणीही बसायचे नाही, हा आमच्या घरचा नियम.

पाण्याचे ५० लिटरचे दोन ड्रम कॅबिनला लागून पट्ट्यांनी आवळले. भरले की त्यांचेच वजन १०० किलो होते. ते मागच्या टोकाला ठेवले तर गाडीचा तोल बिघडतो. ५ किलोचा गॅस सिलिंडर उभा बांधावा आणि चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद ठेवावा. शेगडी ताडपत्रीखाली कधीही पेटवू नये. मच्छरदाणी, बॅटरी, औषधांचा डबा आणि आंघोळीच्या आडोशाला जुन्या साडीचा पडदा. हा पडदा आईने सुचवला. पुरुषांच्या यादीत तो आला नसता.

पहिली यात्रा महाडची ठरली. निघण्याआधी आम्ही सोपाऱ्याच्या स्तूपाला वंदन केले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा दगडी करंडकात बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मिळाले. त्याच वर्षी याच गावात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी फिरत, आपण धम्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्या लेखात सांगतो. आपल्याच गावच्या दगडावर हे कोरलेले होते, हे ऐकून मुले चकित झाली.

घोडबंदर, ठाणे, पनवेल, पेण करीत संध्याकाळी माणगावजवळ नात्यातल्या घरच्या अंगणात गाडी लावली. आई आणि मुले गाडीत झोपली, आम्ही खाली सतरंजीवर. जेवताना मुलगी म्हणाली, "गावात पाणी असताना आपण एवढे ड्रम का ओढून आणले?"

तेव्हा आम्ही तिला मसूरची हकिगत सांगितली. बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिली आहे. १९०१ च्या सुमारास लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाला होता. जात कळताच गाडीवान गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकली. शिदोरी जवळ होती, पण पिण्यास पाणी कुणी देईना. मुले त्या रात्री उपाशी झोपली. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

सकाळी महाडच्या अलीकडे हमरस्त्यालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी पाहिली. मग चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी येथे ओंजळभर पाणी घेतले, आणि तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. परगावाहून आलेली एक म्हातारी सावली शोधत आमच्या गाडीपाशी टेकली. आम्ही काही सांगण्याआधी मुलीने ड्रमची तोटी सोडून तांब्या भरला आणि तिला दिला. तिची जात कुणी विचारली नाही, तिनेही आमची विचारली नाही.

परतताना दोन्ही ड्रम रिकामे होते. घरी टँकरची पाळी होती, तरी कुणाची कुरकुर नव्हती. बांधवहो, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एवढे करून पाहावे. माणसे पुढे बसवा, सामान मागे बांधा, आणि पाणी आपल्या गरजेपेक्षा थोडे जास्त घ्या.

जयभीम!