खडूच्या नदीकाठी

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून द्यावी, असा संस्थेचा निरोप आला आणि वसतिगृहामागचा ओढा डोळ्यांसमोर उभा राहिला. ती आठवण माझ्यासाठी सुखाची नाही. ती सांगण्याकरिता मला इंग्लंडमधील एका नदीपासून आरंभ करावा लागेल.

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी दक्षिण इंग्लंडमधील विंचेस्टर शहरी रुग्णालयात नोकरी करतो. त्याच्या आग्रहावरून मी दोनदा तिकडे गेलो, एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि पुढे एकदा डिसेंबरात. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांच्या निवासस्थानी वंदन करून मी विंचेस्टरला पोहोचलो. त्या शहरातून इचन नदी वाहते. ती खडूच्या प्रदेशातील नदी आहे. पावसाचे पाणी खडूच्या टेकड्यांत मुरते, खडकातून गाळले जाते आणि झऱ्यांवाटे वर्षभर बाहेर येत राहते. त्यामुळे झऱ्यापाशी पाणी बाराही महिने दहा-अकरा अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, आणि नितळ इतके की पुलावरून तळाचे गोटे मोजावेत. अशा नद्या जगात थोड्याच आहेत, आणि त्यांतील बहुतेक इंग्लंडमध्येच आहेत.

मे महिन्यात मी तेथे ‘मेफ्लाय’ नावाच्या माश्या पाहिल्या. हा कीटक सुमारे दोन वर्षे नदीच्या गाळात काढतो. मग एके दिवशी पाण्यावर येतो, पंख पसरतो, जोडी जमवतो, अंडी घालतो आणि दिवसा-दोन दिवसांत मरून जातो. पंख फुटल्यावर तो काहीही खात नाही. अनित्यतेचा पाठ मी वर्गात कितीदा तरी दिला होता. त्या संध्याकाळी तो मला हवेत तरंगताना दिसला. खाली ट्राउट मासे तोंड वर काढून त्या माश्या टिपत होते आणि काठावर माणसे पिसांची खोटी माशी बांधलेला गळ अलगद पाण्यावर टाकत होती.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मी त्या खेळाचा मागोवा घेतला. मासेमारीवरील 1653 च्या प्रसिद्ध ग्रंथाचा कर्ता आयझॅक वॉल्टन विंचेस्टरच्याच कॅथेड्रलमध्ये पुरलेला आहे. शेजारच्या टेस्ट नदीवर 1822 मध्ये स्थापन झालेला हाउटन क्लब आजही आहे. माशी पाण्यावर तरंगतीच हवी, असा दंडक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या ग्रंथांतून रूढ झाला. इचनवर मासे धरणारे वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी पाण्याखाली बुडणारी माशी वापरली, म्हणून मोठा वाद पेटला. 1938 मध्ये लंडनमध्ये त्यावर रीतसर चर्चा झाली. ते साल वाचून मी थबकलो. चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा आपला हक्क मुंबई उच्च न्यायालयाने 1937 मध्ये मान्य केला होता. पाण्यात माशी कशी टाकावी यावर एकीकडे वाद चालावा, आणि त्याच काळात दुसरीकडे ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागावे!

डिसेंबरात नदीकाठ ओसाड होता. ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून त्याची शिकार तेव्हा बंद असते. ग्रेलिंग वसंतात अंडी घालतो, म्हणून हिवाळा हा त्याच्या शिकारीचा काळ असतो. हा मासा ट्राउटच्याच कुळातला, पाठीवर शिडासारखा मोठा पर मिरवणारा. तरीही ट्राउटच्या पाण्यात त्याला उपरा ठरवून वर्षानुवर्षे जाळ्यांनी काढून टाकले जाई. एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी त्याच्यासाठी लोकर आणि तांब्याची तार एवढ्यावर एक साधा गळ बनवला होता. नदीवर मजुरीने राबणाऱ्या या माणसाने गाळातल्या किड्यांचे जे ज्ञान मिळवले, ते पुढे मोठमोठ्या हौशी शिकाऱ्यांनी गिरवले.

माझा विद्यार्थी एका दिवसाचा परवाना काढून असाच गळ टाकत होता. त्या देशात नदीत मासे धरण्याचा हक्क बहुधा काठाच्या मालकाचा असतो, म्हणून पैसे मोजावे लागतात. त्याने एक ग्रेलिंग काढला, ओल्या हातांनी धरला, बिनकाट्याचा गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला. तेव्हा माझ्याच्याने राहवले नाही. मी विचारले, “ओढ्यावरचं आठवतं का रे?”

तो सातवीत असताना ओढ्यात मासे धरताना मला सापडला होता. पहिल्या शीलाचा भंग केला म्हणून मी त्याला सर्वांसमोर छडीने मारले आणि मासे परत ओढ्यात टाकायला लावले. त्या दिवशी आपण धम्माचे रक्षण केले, असे मला वाटले होते.

तो पाण्याकडे पाहत म्हणाला, “मारलेलं विसरलो, सर. पण ते मासे मेलेले होते. आई भेटायला आली होती, फाटकाबाहेर बसली होती. घरी कालवणाला काही नव्हतं. तिच्या पदरात बांधून द्यायचे होते.”

मी बराच वेळ बोलू शकलो नाही. मग त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “असं नका म्हणू, सर.”

थोड्या वेळाने मी त्याला एवढेच म्हणालो, “भूक नसताना गळ टाकणं मला पटत नाही. सोडून दिला तरी मासा तडफडतोच.” तो म्हणाला, “विचार करतो, सर.” ही गोष्ट मी त्याला प्रथमच हातात छडी नसताना सांगितली होती.

शील हे स्वतः ग्रहण करायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते, हे मी मुलांना शिकवत आलो. पण ज्या घरात चूल पेटत नाही, त्या घरातील मुलाला शील सांगण्याआधी फाटकाबाहेर कोण बसले आहे, हे पाहावे लागते. ते मी त्या दिवशी पाहिले नाही. करुणेवाचून शिकवलेले शील हा निव्वळ दंडक ठरतो, आणि दंडकांचा जाच आपल्या समाजाने पुरेसा भोगला आहे.

ओढा आजही वसतिगृहामागून वाहतो, पावसाळ्यात भरतो आणि मार्चमध्ये आटतो. आता पालकभेटीच्या दिवशी मी आधी फाटकाबाहेर जाऊन येतो. तेथे कोणी बसलेले दिसले, तर त्यांना आत बोलावतो आणि मुलांच्याच पंगतीत जेवायला बसवतो.