चाकाची कैफियत

२०२४ च्या आगमनकाळात, नाताळपूर्वीची झाडलोट चालू असता, कपाटाच्या माथ्यावरून एक खोके आम्ही खाली उतरविले. साडेचार वर्षांची धूळ त्यावर साचली होती. आत काय आहे हे आम्हांस ठाऊक होते, कारण ते तेथे ठेवणारे हात आमचेच होते. सौभाग्यवती म्हणाली, “भंगारवाल्याला देऊन टाकू या.” आम्ही ‘हो’ म्हणणार होतो, पण का कोण जाणे, खोके उघडले.

संगणकावर मोटारशर्यतीचा खेळ खेळण्यासाठी जे स्टिअरिंग व्हील मिळते, ते त्यात होते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी ही वस्तू नसेल, म्हणून दोन शब्द. टेबलाच्या कडेला पकडीने घट्ट बसविलेले एक चाक आणि पायाशी क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर अशी तीन पेडले. चाकाच्या पोटात विजेच्या मोटारी असतात. पडद्यावरची गाडी खडबडीत रस्त्यावर गेली, की त्या मोटारी चाकाला उलट हिसके देतात आणि हाताला खऱ्या रस्त्याचा भास होतो. चिरंजीवांनी २०१८ च्या नाताळात, दोन वर्षांचे खाऊचे पैसे साठवून आणि मामाकडून उरलेली भर घेऊन ते आणले होते. मानवतसारख्या कापसाच्या गावी ते पाहावयास शेजारची मुले रांग लावून येत.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. रविवारी परभणीला मिस्सासाठी जाणे थांबले. ती मिस्सा आम्ही मोबाइलवर पाहू लागलो आणि मोबाइल नीट टेकवून ठेवण्याचे काम चिरंजीवांकडे आले. त्याच दिवसांत जगातील मोटारशर्यतीही बंद पडल्या आणि फॉर्म्युला वनचे खरेखुरे चालक घरी बसून असल्याच चाकांवर शर्यती खेळू लागले. जूनमध्ये फ्रान्समधील ले मान्सची चोवीस तासांची शर्यतसुद्धा संगणकावर झाली. हे आम्हांस मोठ्या उत्साहाने सांगण्यात आले, आणि आम्ही हसलो. बारावीचे वर्ष तोंडावर होते. रोज एक तास, असा आम्ही दंडक घातला.

दंडकानंतर आठच दिवसांत चाक बिघडले. गाडी सरळ रस्त्यावर आपोआप ब्रेक लावी. चाक मध्यावर धरावे तर गाडी डावीकडे ओढली जाई. आम्ही निष्कर्ष काढला, की रागाच्या भरात पोराने पेडलावर लाथा मारल्या. तो म्हणाला, “पप्पा, मी काही केलं नाही. तुम्ही एकदा बघा तरी.” त्याने पडद्यावर एक पट्टी दाखविली. ब्रेक किती दाबला आहे ते ती पट्टी सांगते. पेडलाला कोणाचा पाय लागलेला नव्हता, तरी पट्टी थरथरत होती. आम्ही तिच्याकडे धड पाहिलेही नाही. “नाटके पुरेत,” एवढे म्हणालो आणि खोके कपाटावर गेले. ज्या बारावीच्या परीक्षेसाठी ते वर गेले, ती २०२१ ची परीक्षा महामारीमुळे झालीच नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. चिरंजीव अभियांत्रिकीसाठी पुण्यास गेले. चाकाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. इतर विषयही फारसे काढले नाहीत.

तर ते खोके आता उघडले. पेडलांचा तळ उलटा करून स्क्रू सोडविले आणि एकेक स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने ठेवीत गेलो, कारण लांब व आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांबडा स्क्रू प्लॅस्टिक फोडून बाहेर येतो. प्रत्येक पेडलाच्या बिजागरीशी एक छोटी डबी दिसली. ती पाहताच आम्ही थबकलो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे जी डबी असते, तीच ही! कार्बनच्या पट्ट्यावरून एक धातूची जीभ सरकते. जीभ कोठे आहे त्याप्रमाणे विजेचा दाब बदलतो आणि त्यावरून संगणकास पाय किती दाबला ते कळते. पट्ट्यावर घाण बसली, की जीभ उड्या मारते. रेडिओ तेव्हा खरखरतो. आमचे वडील अशा वेळी बटण वीसपंचवीस वेळा मागेपुढे फिरवीत आणि खरखर जाई. हा उपाय आम्ही लहानपणी शेकडो वेळा पाहिलेला. पडद्यावरची ती थरथर म्हणजे खरखरच होती. केवळ कानांऐवजी डोळ्यांना दिसणारी.

आणि घाण कसली? कापसाची. मानवतला दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागतात, जिनिंग सुरू होते आणि हवेत तंतू तरंगतात. बिजागरीच्या वंगणाला ते चिकटले होते, त्यांवर काळ्या मातीची धूळ बसली होती आणि त्याचा अक्षरशः नमदा झाला होता. चिमट्याने तो निघाला तेव्हा सौभाग्यवतीने वातीएवढा लांब पिळून दाखविला. डबीच्या फटीतून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडले, पेडल तीसेक वेळा दाबले, पूर्ण वाळू दिले. संगणकास जोडले. पट्टी स्थिर!

चाकाचे दुखणे निराळे निघाले. चाक किती फिरले हे मोजण्यासाठी मोटारीच्या दांड्यावर प्लॅस्टिकची एक इवलीशी दातेरी चकती असते. दात्यांच्या फटींतून प्रकाश जातो, अडतो, आणि ते मोजून संगणक चाकाची जागा ठरवितो. ही चकती दांड्यावर ताठ ठोकून बसविलेली असते. वर्षानुवर्षे तो ताण सोसून प्लॅस्टिकला केसाएवढी चीर जाते, चकती निसटून फिरू लागते आणि चाक आपला मध्य विसरते. आम्ही भिंगातून पाहिले. चीर होती. बाहेरून कोठे ओरखडा नाही, कवच फुटलेले नाही. लाथ त्या चकतीपर्यंत पोचण्याचा मार्गच नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही. आगमनकाळातील पापनिवेदनाच्या तयारीत आम्ही दरवर्षी एक यादी मनात करतो. चार वर्षांच्या त्या याद्यांमध्ये हे कधी आले नव्हते. मुलाच्या सदसद्विवेकाची तपासणी मात्र आम्ही एका मिनिटात उरकली होती.

ज्यांच्या घरी अशी चाके असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून टाकतो, कारण त्या आम्हांस उशिरा कळल्या. उघडण्यापूर्वी वीजजोडणी व संगणकाची तार दोन्ही काढावी. शिवणयंत्राचे तेल दातेरी चाकांना घालू नये. ते ओघळून मोजणीच्या भागावर जाते व धूळ धरते. प्लॅस्टिकला चालणारे सिलिकॉनचे ग्रीस बोटाच्या टोकाएवढे पुरते. सुरू करताना चाक आपणहून डावीकडे उजवीकडे फिरून आपला मध्य शोधते, त्या वेळी ते हाताने अडवू नये. आणि खेळ संपला की जुन्या उशीचा अभ्रा घालावा. आमच्या भागात तरी याहून मोठे औषध नाही. नव्या काही महाग पेडलांत घासणारी जीभच नसते. १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने चुंबकाचा विजेच्या प्रवाहावरील जो परिणाम शोधून काढला, त्यावर ती चालतात.

दुसऱ्या दिवशी पुण्यास फोन लावला. काय बोलावयाचे ते कागदावर लिहून घेतले होते; त्यातले पहिलेच वाक्य वाचले. “त्या वेळी तू खरं बोलत होतास. आम्ही बघितलं नाही, चूक आमची.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने विचारले, “तुम्ही स्वतः उघडलं? ब्रेकखालचं रबर काढलं नाही ना?” काढले नव्हते. “काढू नका. ते परत बसत नाही.” पुन्हा शांतता. “चकतीला फेविक्विक लावू नका, दात्यांत गेलं तर संपलं. लॅमिंग्टन रोडला पितळेची मिळते का बघतो. मित्र मुंबईला चाललाय.”

चकती मिळाली. ती बसविण्यास आमचा हात शिवशिवत होता, परंतु फोनवर स्पष्ट ताकीद आली, की तेवढे मी येईपर्यंत तसेच ठेवा. त्यामुळे चाक उघड्या पोटी टेबलावर, आणि त्याचे स्क्रू इडलीपात्रात. सौभाग्यवतीने दोनदा विचारले, की नाताळच्या सकाळी इडल्या करावयाच्या आहेत, त्याचे काय? आम्ही सांगितले, तो तेवीस तारखेच्या रात्री येतो आहे. तोवर खळग्यांना कोणी हात लावावयाचा नाही.